त्या रात्रीच्या भाकऱ्या

पत्र थोडक्यात : औसा तालुक्यात माहेर आणि छत्रपती संभाजीनगरला सासर असलेल्या एका चाळिशीतल्या लेकीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. तिचे वडील एसटीत वाहक होते आणि सगळे गाव त्यांना ‘आबा’ म्हणत असे. आबा असले की घरात मैफल असे. प्रवाशांच्या, साहेबांच्या, भावकीतल्या चुलत्यांच्या नकला ते करत. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात पूजा आणि पंगत करण्याच्या सणाला, त्यांच्या शेतात साठ-सत्तर माणसे जेवायला बसत. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मुलांना रांगेत बसवून त्यांनी घंटीची दोरी ओढण्याचा अभिनय करत ‘एसटी’ चालवली होती. मागच्या मार्गशीर्षात, वद्य दशमीला, ते गेले. पाच दिवसांवर आलेली येळवस सुतकात गेली आणि शेतातली पूजा बटईदाराने केली. आता वर्षश्राद्ध आणि त्यामागोमाग येळवस आली आहे. थोरल्या भावाला कीर्तन आणि छापील स्मरणिका हवी आहे, येळवस मात्र याही वर्षी नको. लेकीला वाटते की सगळ्यांना शेतात बोलवावे, आबांचे किस्से सांगावेत, त्यांच्या आवाजातल्या क्लिप ऐकवाव्यात आणि सातवीतल्या नातवाने त्यांची नक्कल करावी. पेच आईचा आहे. तेराव्याच्या रात्री तो सर्वांचा आवडता किस्सा निघाला : १९९१च्या पावसाळ्यात फाट्यावर गाडी बंद पडली, तेव्हा आबांनी चाळीस प्रवासी घरी आणून त्यांना पिठलं-भाकरी खाऊ घातली. सगळे हसत असताना आई उठून आत गेली आणि दिवा न लावता बसून राहिली. ‘तुझ्या हसण्यापायी आईला लागलं,’ असे भाऊ म्हणाला. तेव्हापासून आईला काहीही विचारले की ‘तुमच्या मनाला येईल ते करा’ एवढेच उत्तर येते. लेक विचारते, ‘आयुष्यभर हसवत राहिलेल्या माणसाला आम्ही हसत आठवले, तर ते चुकते का?’

ताई,

चुकत नाही. हे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण तुमचा खरा पेच याच्या पुढचा आहे असे मला वाटते.

तुमच्या भावाला कीर्तन हवे आहे म्हणून हसण्याला विरोध असलाच पाहिजे, असे नाही. आपल्याकडचा कीर्तनकार मृत्यूवर बोलता बोलता मंडपाला हसवतो आणि मंडप हसत असतानाच त्याला रडवतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेले असणार. आपल्याच मराठवाड्यात, पैठणला, सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली, ती सोंगे आणि नकला यांच्याच आधाराने उभी आहेत. राहिला दुखवटा. तुमच्या आबांनी ३० सप्टेंबर १९९३च्या त्या पहाटेनंतर, गावोगाव चिता पेटत असताना, पत्र्याच्या शेडमधल्या मुलांना हसवले होते. त्यांना दुःखाचे गांभीर्य कळत नव्हते, असे तुमचा भाऊही म्हणणार नाही. दुखवट्यात हसावे की नाही, या प्रश्नाचे आबांचे उत्तर असे तुमच्या पत्रातच आहे.

आता त्या तेराव्याच्या रात्रीकडे येतो. तुमचे आणि भावाचे बहुतेक सगळ्या बाबतीत वाजले आहे, पण एका गोष्टीवर तुमचे नकळत एकमत आहे : आई हसण्यामुळे उठली. भावाच्या मते ते तिला लागले, तुमच्या मते तिला आबांची आठवण सहन झाली नाही. दोघांनीही तिला विचारलेले नाही. मी तुमचे पत्र तीन वेळा वाचले आणि त्या किश्श्यात एक गोष्ट शोधत राहिलो. चाळीस प्रवासी भिजत घरी आले, आबांनी दारातच ‘सगळे आत चला, उभ्याचं तिकीट नाही’ असे म्हणून हशा पिकवला, एका म्हाताऱ्या प्रवाशाला स्वतःचे धोतर नेसवले, पहाटे दुसरी गाडी आल्यावर पुन्हा प्रत्येकाचे तिकीट तपासले. हे सगळे तुम्ही फार सुरेख लिहिले आहे. भाकऱ्या कुणी थापल्या, हे त्यात नाही.

थोडा हिशेब करू या. माणशी दोन धरल्या तरी चाळीस जणांच्या ऐंशी भाकऱ्या होतात. ज्वारीचे सात-आठ किलो पीठ त्याला लागणार, आणि नोकरदाराच्या घरात एका वेळी दळून ठेवलेले एवढे पीठ क्वचितच असते, म्हणजे ते शेजारीपाजारी मागून आणावे लागले असेल. एका तव्यावर भाकरीला तीन मिनिटे लागतात असे मानले तर चार तास होतात. पावसाळ्यात सरपण ओले असते, चूल धुमसते. त्या वर्षी तुम्ही पाच-सहा वर्षांच्या असाल आणि भाऊ दहा-अकराचा, म्हणजे मुलेही तिलाच सांभाळायची होती. बाहेरच्या खोलीतून हशा ऐकू येत असताना तुमची आई चार तास धुरात बसलेली होती. तो किस्सा तुमच्या घरात तीस-बत्तीस वर्षे सांगितला जातो आहे आणि दर वेळी त्यात आबा असतात, प्रवासी असतात, म्हातारा असतो, धोतरसुद्धा असते.

आई याच कारणाने उठली, असा माझा दावा नाही. कदाचित तिला खरोखरच आबांची आठवण अनावर झाली असेल, कदाचित दिवसभराच्या राबण्याने तिची कंबर दुखत असेल. तेराव्याचा स्वयंपाकही काही थोडा नसतो. तरी तुम्ही ज्याला दुःख समजता आहात त्यात थोडा थकवा आणि थोडी जुनी तक्रारही मिसळलेली असू शकते, एवढी शक्यता मनात धरून तिच्याशी बोला. नवऱ्यावर जीव असतो आणि त्याचा रागही असतो. तो गेल्यावर जीव दाखवायला घर मोकळीक देते, रागाला जागा कुठेच राहत नाही. मग ती बाई दिवा न लावता आत बसते.

तुमचे आबा मुक्कामी गाडीवर असत असे तुम्ही लिहिले आहे. ज्या वाचकांना ही व्यवस्था ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : दिवसातली शेवटची गाडी एखाद्या आडगावी जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून परत निघते. चालक आणि वाहक गाडीत नाहीतर देवळात पथारी टाकतात. गावातले कुणी जेवायला बोलावते, पारावर गप्पा रंगतात, आणि आबांसारखा माणूस असेल तर पंधरा दिवसांत गाव त्याचे होते. तुमच्या आबांच्या अंत्ययात्रेला कुठकुठल्या गावांहून माणसे आली याचे तुम्हाला नवल वाटले, त्याचे कारण या मुक्कामांत आहे. पण ज्या रात्री ते त्या गावांचे असत, त्या रात्री तुमच्या घरी कोण असे? म्हशीला वैरण, दाराला कडी, तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी हे सगळे कुणी केले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. जगाला हसवणारा माणूस घरी कधी थकून, कधी अबोल होऊन येतो. त्याचा उत्साह गावाच्या वाट्याला जातो आणि बायकोच्या वाट्याला त्याची धुणी येतात. यात आबा वाईट ठरत नाहीत. ते ज्याच्या त्याच्या वाट्याला वेगवेगळे आले, इतकेच.

म्हणूनच ‘आबांना आवडेल ते करू’ हे तुमचे वाक्य मला जरा खटकले. हे वाक्य आपण फार सहज वापरतो. गेलेल्या माणसाची आवड सांगायला तो स्वतः नसतो, त्यामुळे जो तो आपली आवड त्याच्या तोंडी घालतो. तुम्ही घालता आहात तशी तुमचा भाऊही घालतो आहे.

भावाविषयी तुम्ही थोडे कडवट लिहिले आहे. ‘कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, काटकसरी’ ही त्याने स्मरणिकेसाठी काढलेली विशेषणे वाचून तुम्हाला हसावे की रडावे ते कळले नाही, कारण आबा यातले काहीच नव्हते. बरोबर आहे. पण त्याच पत्रात, दोन पानांपूर्वी, तुम्ही ओझरते लिहून गेला आहात की भावाने बारावीनंतर शिक्षण सोडले, पुण्यात एका कारखान्यात लागला आणि आबांनी पतसंस्थेतून उचललेले कर्ज सात वर्षे फेडत राहिला. ‘आबांच्या हाताला पैसा टिकत नव्हता, एवढाच त्यांचा दोष,’ असे तुम्ही लिहिता. तुमच्यासाठी तो ‘एवढाच’ होता, भावासाठी ती सात वर्षे होती. काटकसरी बाप त्याला मिळाला नाही, तो आता स्मरणिकेत तरी छापून मिळावा असे त्याला वाटत असेल. त्यावर हसू नका. त्याला म्हणा, ‘दादा, तू विशेषणं लिहू नकोस, तुला आठवतं ते लिही, कर्जाचंही लिही.’ लेकाने बापाचे कर्ज फेडले हे छापल्याने बापाची बेअब्रू होत नाही. उलट, असे एक पान असले तर बाकीची पाने खरी वाटू लागतात.

नामदेव मूळचे आपल्या नर्सीचे. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली त्या प्रसंगाचे त्यांनी जे अभंग रचले, त्यांत धाकट्या भावाच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या निवृत्तिनाथांचे वर्णन आहे. तिथे एक प्रतिमा येते : बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावे. ज्याने कडब्याच्या पेंढ्या बांधल्या आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तुमचे पत्र वाचताना मला हीच भीती त्यात सगळीकडे दिसली. आबा तुमच्या घराचा आळा होते, आता पेंढी सुटेल, येळवस बंद पडेल, चुलत भाऊ यायचे थांबतील. म्हणून तुम्ही त्यांचा आवाज, त्यांचे किस्से, त्यांची नक्कल जितके घट्ट आवळता येईल तितके आवळता आहात. फक्त एक लक्षात घ्या. शेतात आळा बहुतेक वेळा बाहेरून येत नाही. त्याच कडब्यातली चार ताटे पिळून तो केलेला असतो.

आता करायचे काय ते सांगतो.

वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी एकट्या माहेरी जा. भाऊ, वहिनी, नवरा, मुले यांच्यापैकी कुणीही सोबत नको. आईला समोर बसवून ‘तुला काय वाटतं’ असे विचारू नका, कारण या प्रश्नाला त्या पिढीतल्या बायकांकडे ‘काही नाही’ हेच उत्तर असते. मेथीची जुडी घ्या, दोघी मिळून निवडा, आणि हात चालू असताना साधी माहिती विचारा. त्या रात्री पीठ कुणाकुणाकडून आणलं होतं? ते परत कधी केलं? चाळीस माणसं दारात बघून तू आबांना काय म्हणालीस? माहितीच्या प्रश्नाला माणूस उत्तर देतो आणि उत्तर देता देता बाकीचे आपोआप निघते. ती आबांवर चिडली तर त्यांची बाजू घेऊ नका. ती हसली तर हसा. आणि ती गप्पच राहिली तर मेथी निवडून झाल्यावर उठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. या वर्षभरात तिचे जेवण आणि झोप फारच कमी झाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र मेथीवर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

येळवशीबद्दल भावाची अडचण दुखवट्याची असेल तर वर्षश्राद्धानंतर ती उरत नाही, हे गावातले गुरुजीच त्याला सांगतील. शिवाय ही अमावास्या नुसत्या मौजेची आहे असेही नाही. सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात तिला ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणतात, ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, आणि पितरांना तर्पण करतानाही तीळच लागतात. आपल्याकडे कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून तिच्यात पांडव मांडतात, पूजा करतात, आंबील शिंपडतात आणि मग पंगत बसते. एकाच दिवसात नमस्कारही होतो आणि हशाही. मागच्या वर्षी हे बटईदाराने एकट्याने केले, ते तुमच्या भावाला मनातून लागले असेल. या वर्षी पूजेला तोच बसणार आहे, असे त्याच्याशी बोला.

पण साठ-सत्तर माणसे बोलावण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा, जरा परखड आहे : येळवशीची ती मिसळीची भाजी, भज्जी, कोण करणार? भज्जीसाठी हरभरा, तूर, वाटाणा सोलायचा, पाला निवडायचा, बेसन कालवायचे, पिठाचे गोळे म्हणजे उंडे वळायचे, आदल्या रात्रीपासून आंबील लावायची. हे आबा करत नव्हते. आई करत होती आणि गेली काही वर्षे वहिनी करत असेल. तुम्ही संभाजीनगरहून अमावास्येच्या सकाळी गाडीने उतरून ‘आबांसारखी येळवस’ घालणार असाल, तर १९९१चीच रात्र पुन्हा होईल, फक्त चुलीपुढची बाई बदलेल. म्हणून यंदा माणसे कमी बोलवा. भज्जी एका घराकडून, आंबील दुसऱ्याकडून, खीर तिसऱ्याकडून येऊ द्या आणि सोलणे-निवडणे पुरुषांकडे द्या. आबांच्या नावाने पुन्हा उधारी तर अजिबात नको.

किस्से जरूर सांगा, पण आबांच्या मागच्या माणसाला त्यात जागा द्या. फाट्यावरच्या गाडीची गोष्ट या वेळी आईला विचारून, तिने सांगितलेल्या तपशिलासह सांगा. तिला स्वतः सांगावीशी वाटली तर तुम्ही गप्प बसा. आबांबरोबर जास्तीत जास्त वर्षे मुक्कामी गाडीवर असलेल्या चालकाला शोधून बोलवा. आगारातल्या जुन्या माणसांना त्यांचा पत्ता ठाऊक असेल. त्यांना जे आबा माहीत आहेत ते तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाहीत. पहाटे पाच वाजता, गाडी रिकामी असताना, तो हसरा माणूस काय बोलत असे, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? स्मरणिकेत त्यांचे दोन परिच्छेद घ्या. ते लिहिणार नाहीत, तुम्ही ऐका आणि उतरवा. प्रत्येक प्रसंगाखाली तो कुणी सांगितला, कोणत्या गावचा, साधारण कोणत्या सालचा हे लिहा. सोळा पाने पुष्कळ झाली.

क्लिपचा मुद्दा वेगळा आहे. नातवाची नक्कल सगळ्यांना आवडेल, कारण तो नातू आहे हे दिसत असते. खुद्द आबांचा आवाज मात्र लाउडस्पीकरवर अचानक लावू नका. आईला आधी एकांतात विचारा, आणि तिला ऐकायचा असेल तर पहिल्यांदा तिला एकटीलाच ऐकवा. नाही म्हणाली तर त्या दिवशी ऐकवू नका, पण जपून ठेवा. जपण्याचेही सांगतो, कारण या बाबतीत अनेक घरे उशिरा जागी होतात. प्रीपेड सिम ९० दिवस वापराविना राहिले तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. १२० दिवस न वापरलेले व्हॉट्सॲप खातेही साधारणपणे काढून टाकले जाते. तुमच्याकडे वर्ष उलटले आहे, तेव्हा आबांचा फोन ज्या कपाटात असेल तिथून काढा, त्यातले आवाज आणि फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या, आणि त्यांनी ज्यांना ज्यांना आवाजी निरोप पाठवले होते त्या सगळ्यांकडून ते मागवा. ते त्यांच्या फोनमध्ये अजून असतील. जुन्या लग्नांच्या कॅसेटही बघा, वरातीत ‘सर्वांत पुढे’ आबाच असणार.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण याच महिन्यात असे आणखी तीन मजकूर माझ्याकडे आले आहेत. काही घरांत बाहेर दिलदार म्हणून गाजलेला माणूस घरात हात उचलणारा होता, काही घरांत ज्याला गाव ‘मजा’ म्हणते ती दारू होती. अशा घरातल्या लेकीसुनांनी श्रद्धांजलीच्या सभेत बळेच हसू नये आणि तिथेच हिशेबही मांडू नये. गावाला त्याची गाणी आठवू द्यावीत, तुम्ही तुमचे दोन-तीन विश्वासातल्या माणसांजवळ मोकळेपणाने बोला. दोन्ही आठवणी खऱ्या असतात, त्या एकाच मंडपात सांगितल्या जाव्यात अशी काही सक्ती नाही.

ताई, तुमच्या घरची गोष्ट तशी नाही, म्हणून तर मला एवढे लिहावेसे वाटले. आईशी बोलणे झाले, पीठ कुठून आले ते कळले, की मलाही कळवा. माझा हिशेब ऐंशी भाकऱ्यांचा आहे. तो मी माणशी दोन धरून केला आहे, आणि त्या पिढीतला, पावसात भिजून आलेला माणूस दोन भाकऱ्यांवर पानावरून उठला असेल, यावर तुमच्या आईचा विश्वास बसेल असे वाटत नाही.